रविवारचा रोगी

दिगू, काल संध्याकाळी आपल्या प्रथमोपचार पथकातली मंडळी येऊन गेली. शोकसभेत वाचायला चार शब्द लिहून द्या म्हणाली. जन्म कुठला, शिक्षण किती, नोकरी कोणत्या कचेरीत, पथक कसं सुरू झालं, एवढं आलं की झालं. ती गेल्यावर मी कागद घेतला, वर 'कै.' लिहिलं आणि त्यापुढे तुझं नाव लिहायला हात चालेना. तुझ्या नावामागे मी आजवर 'चि.' लिहीत आले. तू माझा धाकटा भाऊ. शेवटी तो कागद बाजूला ठेवला आणि हे तुलाच लिहायला घेतलं. सभेत त्यांना काय वाचायचं ते वाचू देत.

मला अजून खरं वाटत नाही. लोक बोलायची रीत म्हणून बोलतात, तसं नाही म्हणत मी. आज सकाळी विहिरीवर उभी राहून मी 'दिगू, कळशी घे रे' अशी चांगली मोठ्याने हाक मारली. पलीकडे शेजारच्या काकू कपडे धूत होत्या. त्यांनी मान खाली घातली आणि धुतलेलंच लुगडं पुन्हा धुवायला घेतलं.

रविवारी शाळेच्या मैदानावर नव्या लोकांचा वर्ग होता. बँकेतले दोघे, पोस्टातले एक गृहस्थ आणि माझ्या शाळेतल्या दोन शिक्षिका. तू नेहमीसारखा रोगी झालास. दर वर्गाला रोगी तूच. दुसऱ्या कोणाला निजवलं तर तो भिडेपोटी बोलत नाही आणि शिकणाऱ्याला चूक कळत नाही, असं तुझं म्हणणं. तू डोळे मिटून पडायचास आणि पडल्या पडल्या ओरडायचास, "अहो, तो मोडलेला पाय आहे, धोतर नाही पिळायचं!" नाहीतर, "आधी तुमचा गुडघा माझ्या बरगडीतून काढा!" लोक हसायचे आणि हसता हसता शिकायचे.

त्या दिवशी आडवं होण्याआधी तू सांगितलंस, "आज मी विहिरीत पडलोय. डावा पाय मोडलाय आणि मी बेशुद्ध आहे. तेव्हा माझ्याकडून एक अक्षर ऐकायला मिळणार नाही. तुमचं तुम्ही बघा." आणि लिंबाच्या सावलीत सतरंजीवर पडलास. मंडळी कामाला लागली. पायाला दोन्ही बाजूंनी फळ्या लावल्या, पट्ट्या बांधल्या, मी गाठी तपासल्या. सगळ्यांनी मिळून तुला स्ट्रेचरवर घेतलं, मैदानाला एक फेरी मारली आणि परत सावलीत आणून ठेवलं. पोस्टातले गृहस्थ घाम पुसत खुशीने म्हणाले, "बाई, आज दिगूभाऊंनी एकही चूक काढली नाही!"

"बेशुद्ध माणूस कसली चूक काढणार?" मी म्हटलं. सगळे हसले. मीसुद्धा.

मग मी म्हटलं, "ऊठ रे आता, चहा निवतोय."

तू उठला नाहीस. मला वाटलं, नाटक लांबवतोयस. तुला खोडच होती ती. मी वाकून तुझं नाक चिमटीत धरलं, लहानपणी शाळेसाठी उठवताना धरायची तसं. नाक गार होतं, दिगू. गार आणि घामाने ओलं.

पुढचं मला सलग आठवत नाही. मी तुझ्या सदऱ्याची बटणं तोडली एवढं आठवतं. मनगट धरलं, मग मान. पथकातला हिराजी कोणाला तरी ढकलून पुढे आला. त्याने तुला पालथं केलं, तू शिकवलं होतंस तसा तुझ्या डोक्याशी गुडघ्यावर बसला आणि पाठीवर दाब द्यायला लागला. दाब, सोड, हात वर. दाब, सोड, हात वर. मी तुझ्या तोंडाशी तळहात धरून बसले होते. तळहाताला काही लागेना. कितीतरी वेळाने हिराजीने माझ्याकडे पाहिलं. "बाय," तो म्हणाला, "दादा नाय रायला."

"उचला," मी म्हटलं. "डॉक्टरांकडे चला."

त्या हिराजीला तू पथकात कसा आणलास ते तुला आठवत असेल. कोपरच्या त्याच्या शेतात त्याच्या पोरीला साप चावला होता. तू आणि मी तिला बांधाबांधाने स्टेशनात आणली, गार्डाच्या डब्यातून ठाण्याला नेली आणि ती वाचली. पुढच्या रविवारी हा भलामोठा पुडा घेऊन दारात उभा. आत सुकी मासळी. तुझी कुसुम पदर नाकाला लावून मागच्या पडवीत गेली. तू पुड्याकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस. "हिराजी, आमच्याकडे हे चालत नाही रे."

"तुमी काय घेत नाय, मंग मी काय देऊ?"

"मासळी घरी ने. तू मात्र दर रविवारी ये."

तेव्हापासून त्याचा एक रविवार चुकला नाही. ह्या रविवारीही तो होता, म्हणून तर तुझ्या पाठीवर त्याचे हात होते.

सभेत कोणीतरी सांगेल की पथक तू काढलंस. कसं काढलंस ते मी पाहिलंय. फाळणीनंतर सिंधकडची माणसं कल्याणच्या छावणीत येऊन पडली, तेव्हा तू कचेरीतून सुटलास की परस्पर तिकडे जायचास. मग एका सुट्टीच्या दिवशी मलाही घेऊन गेलास. "अक्का, तिथल्या बायकांना पुरुषांनी हात लावलेला चालत नाही. जखम दाखवत नाहीत. तू ये." मी तोवर रक्त पाहिलं की दुसरीकडे बघणारी. लग्नानंतर वर्षाच्या आत परत आलेली, शाळा आणि घर याखेरीज कुठे न जाणारी. छावणीत तू मला एका म्हातारीपुढे बसवलंस. तिच्या पायाला हे एवढं गळू. ती तिच्या भाषेत बोलत होती, मी माझ्या. धुऊन, पट्टी बांधून झाल्यावर तिने माझ्या हनुवटीला हात लावला आणि बोटं आपल्या ओठांना लावली. परतताना तू विचारलंस, "घाबरलीस?" मी म्हटलं, "पुन्हा कधी जायचंय?" तू जो हसलास!

छावणीतली एक गोष्ट तू डोक्यात धरून आलास. स्ट्रेचर. "अक्का, तिथे तंबूतंबूला एक आहे आणि आपल्या सबंध डोंबिवलीत एक नाही. माणूस पडला तर खाटेवर घालून नेतात. कंबर मोडली असेल तर वाटेत आणखी मोडते." मग दोन वेळू आणलेस, ताडपत्रीचा तुकडा आणलास, आणि मी माझ्या हाताने त्याला दुहेरी शिवण घातली. बोटं सोलवटून निघाली होती. पहिल्यांदा तूच त्यावर निजून बघितलंस. मधोमध टराटर फाटलं. तू जमिनीवर, आणि मी हसून हसून बेजार. तेवढ्यात कुसुम बाहेर आली. नवी नवरी ती, तिला कळेना, नवरा पडलाय आणि नणंद हसतेय.

कुसुमला पथकाचा राग नव्हता. धसका होता. दारावर थाप पडली की तिच्या हातातलं काम थांबायचं. एका दिवाळीत तू पाटावर बसलेला, तिने तुला तेल लावलेलं, उटणं चोळायला घेतलेलं, आणि कोणीतरी धावत आलं. तू त्या तेलाच्या अंगावर सदरा चढवून गेलास. आलास तेव्हा तेल, धूळ आणि रक्त एक झालं होतं. तिने बंबात पुन्हा पाणी तापवलं. विचारलं, "काय झालं होतं हो?" तू म्हणालास, "काही नाही, नेहमीचंच."

नेहमीचं म्हणे! दिगू, तुला मानपाड्याच्या वाटेवरची ती बाळंतीण आठवते? चैत्रातलं ऊन. बाळ अडलं म्हणून तिला स्टेशनकडे आणत होतो. पुढे तू, मागे तिचा दीर, बाजूने मी आणि तिची सासू. अर्ध्या वाटेवर तिने माझा हात असा आवळला की मी म्हटलं, "ठेवा खाली. आता कुठे जाता येत नाही." जांभळीखाली ठेवली. सासू चांगली धीराची होती, तिने सात-आठ बाळंतपणं पाहिलेली. मी ती म्हणेल ते करत होते. तू आमच्याकडे पाठ करून छत्री धरून उभा. वर मोठ्या आवाजात धीर द्यायला लागलास, "घाबरायचं नाही, सगळं नीट होणार आहे!" आणि बाळ रडलं तशी छत्री वाकडी झाली, तू वळून पाहिलंस आणि धाडकन आडवा. सासू म्हणाली, "अगो बाई, ह्यांना काय झालं?" मांडीवर बाळ आणि एका हाताने तुझ्या तोंडावर पाणी मारतेय मी. त्या बाळंतिणीला तेवढ्यातही हसू फुटलं. वाटेत तू मला शपथ घातलीस, "पथकात सांगायचं नाही." मी नाही सांगितलं. आता सांगितलं तर चालेल का, हे विचारायला तू नाहीस.

आणि आपलं भांडण तर तसंच राहिलं.

विहीर खणताना दरड अंगावर आलेला तो माणूस. त्याला आपण गार्डाच्या डब्यातून कल्याणला नेत होतो. त्याची बायको त्याचे पाय मांडीवर घेऊन बसली होती. ठाकुर्ली आली, पॉवर हाऊसची धुराडी दिसायला लागली, आणि माझ्या बोटांखालची नाडी गेली. मी पुन्हा पुन्हा चाचपली. तुझ्याकडे पाहिलं. तुला कळलं, मला माहीत आहे तुला कळलं. तू हातातल्या पंख्याने वारा घालत राहिलास. बाईने विचारलं, "निजले का हो?" आणि तू म्हणालास, "हो. निजू दे. डॉक्टर बघतील."

कल्याणला टांगा केला. बाई टांग्यातसुद्धा त्याच्या कपाळावरची माती पुसत होती. दवाखान्यात डॉक्टरांनी काय सांगितलं आणि पुढे ती कशी ओरडली, ते माझ्या कानातून जात नाही.

परत येताना मी तुला सोडलं नाही. "खोटं बोललास तू तिच्याशी."

"मी डॉक्टर नाही, अक्का. माणूस मेला हे डॉक्टर सांगतात. आपलं काम पोचवायचं."

"नाडी नव्हती दिगू."

"तुझ्या बोटांना लागली नाही."

"तुलाही माहीत होतं. त्या बाईला उगाच आशेवर ठेवलंस. सगळी वाट ती फसत आली."

तू पंखा पिशवीत खोचलास. मग म्हणालास, "सगळी वाट तिला नवरा होता."

मी म्हटलं, ही नुसती बोलायला छान वाक्यं आहेत. तू म्हणालास, तुला मास्तरणीला सगळं फळ्यावर मांडून दाखवावं लागतं. त्यावर आपण दोन दिवस बोललो नाही. नंतरही विषय निघाला की आपलं जुंपायचंच. मी म्हणायची, दुःख ज्याचं त्याला वेळेवर द्यावं, आपण मध्ये दडवून ठेवणारे कोण? तू म्हणायचास, गाडीच्या डब्यात, टांग्यात, रस्त्यात कोणाला विधवा करायचं नसतं. मागच्या महिन्यातही आपण ह्यावर भांडलो. जेवायची पानं वाढून झाली म्हणून ते अर्ध्यावर राहिलं.

तर रविवारी तुला उचललं. पुढे हिराजी आणि बँकेतला एक, मागे पोस्टातले गृहस्थ आणि दुसरा. मी बाजूने. तुझ्या पायाला त्या खोट्या फळ्या तशाच बांधलेल्या. लोक दुकानांतून बघत होते, आणि एकजण हसून म्हणालासुद्धा, "काय दिगूभाऊ, आज वरात गावातून का?" त्याचा काय दोष? रविवारी तुला असं पाहायची सगळ्यांना सवय होती.

टांग्यांच्या अड्ड्याशी कुसुम समोरून धावत आली. तिला कोणी कळवलं कोण जाणे. तू बिरडं कर म्हणून सांगून निघाला होतास ना, तिच्या हाताला वालाची सालं तशीच चिकटलेली. "वन्सं, काय झालं ह्यांना?"

हिराजीने मान वळवली. पोस्टातले गृहस्थ खाली बघायला लागले. आणि मी, दिगू, ह्या तोंडाने म्हणाले, "चक्कर आली असेल. चल, डॉक्टर बघतील."

मी काही ठरवलं नव्हतं. तुझं मला पटलं होतं असंही नाही. तिचा चेहरा समोर आला आणि तोंडातून तेवढंच निघालं. कुसुमने स्ट्रेचरचा वेळू धरला आणि ती बरोबर चालायला लागली. दवाखाना तिथून जवळ आहे. त्या दिवशी रस्ता संपता संपेना आणि दवाखाना कधी येऊच नये असंही वाटत होतं.

डॉक्टर म्हणाले, निजल्या जागी हृदय थांबलं असणार. "बाई, मी स्वतः तिथे असतो तरी काही करता आलं नसतं." भला माणूस आहे. त्यांनी हे मला तीनदा सांगितलं. पण मला कोणी हे सांगत नाही की कधी. फळ्या लावत होते तेव्हा तू होतास का? मी पट्टीची गाठ तपासली आणि तुझ्या पोटरीवर थाप मारली, ती तुला कळली का? आम्ही हसलो तेव्हा? तू एक अक्षर ऐकायला मिळणार नाही म्हणालास आणि खरोखरच त्या लिंबाखालून, आम्हा सगळ्यांच्या मधून, आमच्या हातांवरून निघून गेलास. माणसं वाचवायला जमलेली माणसं भोवती, आणि एकालाही पत्ता नाही. मी हे रोज सकाळी उठून पहिल्यापासून आठवते आणि रोज त्याच जागी, तुझ्या गार नाकाशी, येऊन थांबते.

तुझा राग येतो. त्या सकाळी तू डावा हात चोळत होतास. मी विचारलं तर म्हणालास, रहाट ओढून भरून आलाय. दुसरा कोणी असं म्हणाला असता तर त्याला खाली बसवलं असतंस, चार प्रश्न विचारले असतेस.

आता परवाची गोष्ट सांगते. ही तुला कोणी सांगितली नसती.

घरात सुतक. पुढच्या खोलीत तुझा दिवा, भोवती गल्लीतल्या बायका. तुझ्या लेकीला, शकूला, तिचा मामा ठाण्याला घेऊन गेलाय. दुपारी मी आणि कुसुम मागच्या पडवीत बसलो होतो. मागच्या दाराने एक माणूस धापा टाकत आला. ठाकुर्लीच्या रेल्वेच्या चाळीतला, त्याला मी ओळखत नव्हते. "दिगूभाऊ आहेत का? आई पडलीय विहिरीच्या काठावर. खुब्याला लागलंय. कोणाला हात लावू देत नाही. म्हणते, त्या डोंबिवलीच्या दिगूला आणा, त्याने पलीकडच्या बिऱ्हाडातल्या सूनबाईंना नेलं होतं."

त्याला काही माहीत नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं. सांगणार, मग तो दचकणार, चुकचुकणार, पाया पडायला आत जाणार, आणि त्याची आई तिकडे फरशीवर. माझ्याआधी कुसुम उठली. इतक्या दिवसांत ती कोणाशी धड बोलली नव्हती. पदर सारखा करत म्हणाली, "ते पुढे गेलेत. वन्सं येतात तुमच्याबरोबर."

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिने आत जाऊन तुझी पट्ट्यांची पिशवी आणली आणि माझ्या हातात दिली.

हिराजीला निरोप धाडून मी निघाले. वाटेत त्या माणसाने दोनदा विचारलं, "भाऊ पोचले असतील ना?" मी चालण्याच्या नादात असल्यासारखी पुढे बघत राहिले. त्याची आई सोवळ्यातली म्हातारी, केस काढलेली, हाडांचा सापळा. मला बघून म्हणाली, "दिगू कुठाय?"

"मी त्याची बहीण. हात लावू का तुम्हाला?"

"त्याचीच बहीण ना? लाव."

मी सुतकातली बाई, ती सोवळ्यातली. लावला हात. दोन्ही पाय एकत्र बांधले, मध्ये उशी घातली, काखेपासून लांब फळी लावली. हिराजी आला, चाळीतले दोघे आले. गार्डाच्या डब्यात म्हातारी कण्हत होती, पण डोळे माझ्यावर. कल्याणला उतरवताना तिने मला जवळ बोलावलं. "माझ्या पोराला फसवलंत तुम्ही, मला नाही. तुझे डोळे रडून सुजलेत. केव्हा गेला?"

"रविवारी."

तिचा मुलगा ऐकत होता. त्याच्या हातातून वेळू सुटायचाच. म्हातारी त्याच्यावर खेकसली, "नीट धर. आधी मला आत ने. मग रड."

आपलं भांडण संपलं असं समजू नकोस. ती म्हातारी आपल्या दोघांपैकी कोणाच्या बाजूने होती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. बायका निघून गेल्या होत्या. कुसुमने माझ्या पायांवर पाणी घातलं. "पोचल्या?"

"पोचल्या. हाड बसवतील म्हणाले."

"मग?"

मला आधी कळलंच नाही ती काय विचारतेय. मग मी सांगायला बसले. चाळ कशी होती, म्हातारी काय म्हणाली, पाय कसा बांधला. ती चुलीपुढे गुडघ्यांना मिठी घालून ऐकत होती. मी जरा थांबले की म्हणायची, "मग?" वेळू कोणी धरला, टांगेवाला आला का, मुलगा रडला का, सगळं तिला हवं होतं. "ते मला कधीच काही सांगायचे नाहीत हो," ती म्हणाली. "मला वाटायचं, मला कळण्यासारखं नसेल." तू तिला जपत होतास, ते मी जाणून आहे. पण दिगू, निदान त्या छत्रीची गोष्ट तरी सांगायची होतीस तिला.

म्हातारीचं सांगून संपलं. चुलीतलं लाकूड तिने पुढे सारलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता ह्यांचं सांगा. त्या दिवशी मैदानावर काय काय झालं ते. पहिल्यापासून. मला कोणी सांगितलेलंच नाही."

मी सांगितलं. तू आडवा झालास तिथपासून. लिंबाची सावली, सतरंजी, फळ्या, फेरी, पोस्टातले गृहस्थ काय म्हणाले ते, आम्ही हसलो तेही. नाकाचं सांगताना मला थांबावं लागलं. ती म्हणाली, "मग?" हिराजीने पाठीवर दाब दिला ते सांगितलं. तो काय म्हणाला तेही सांगितलं.

तिने चुलीतला जाळ मागे ओढला. मग विचारलं, "म्हणजे मी टांग्यांच्या अड्ड्याशी आले तेव्हा...?"

"तेव्हा तो नव्हता, कुसुम."

तिने मान हलवली. रागावली असती तर मी ऐकून घेतलं असतं. आपल्या तळहातांकडे बघत ती हळूच म्हणाली, "मी दवाखान्यापर्यंत त्यांच्याशी बोलत होते."

काय बोलत होती, ते मी विचारलं नाही. ते तुझं आहे.